पेटी उघडेपर्यंत

९ ऑगस्ट, सांगली

पाणी चढतंय. सकाळपासून तिघांनी फोन करून पुलाजवळची पातळी कळवली. मी एकालाही विचारली नव्हती. या दिवसांत सांगलीत कुणी ‘कशा आहात’ म्हणत नाही, ‘तुमच्याकडं पाणी आलं का’ म्हणतात. मी तिसऱ्या मजल्यावर. माझ्याकडं पाणी आलं तर खाली सांगली उरलेली नसेल, असं शेजारच्या वहिनींना म्हटलं. त्यांना आवडलं नाही.

शिर्केचा फोन नाही. येणारही नाही. कृष्णा त्याच्या साताऱ्यावरून माझ्याकडं येते, पण नदी काही निरोप आणत नाही.

दिवसभर कामाला बसले. काम जागचं हललं नाही.

११ ऑगस्ट

सकाळी फोन हातात घेतला होता. नंबर लावला नाही, पण हात गेला होता. म्हणून नियम इथं लिहून ठेवते. पुन्हा हात गेला तर आधी हे वाचायचं.

प्रयोग परदेशातल्या लॅबमध्ये. वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉन-न्यूट्रॉनवर आदळवायचे, उडून कुठं जातात ते बघायचं आणि त्यावरून आत काय चाललंय ते ताडायचं. गट मोठा, देशोदेशीचा. न्यूट्रॉनचं विश्लेषण दोघांनी स्वतंत्र करायचं ठरलं. एक मी, सांगलीत. दुसरा शिर्के, साताऱ्यात. दोघांच्या आकड्यांत आधीच एकेक गुप्त संख्या मिसळून दिलीय, दोघांची निराळी. ती ठाऊक फक्त मार्टाला, गटाच्या प्रमुख बाईला. दोघांचं काम पुरं होऊन गोठलं की मार्टा ती संख्या काढून टाकणार आणि खरे आकडे सगळ्यांसमोर एकदम येणार. त्याला आम्ही पेटी उघडणं म्हणतो. कारण साधं आहे. हवं ते उत्तर दिसलं की माणूस स्वतःच्या चुका शोधायचं थांबवतो. भले भले थांबलेत.

तर पेटी उघडेपर्यंत शि.नं आणि मी कामाबद्दल बोलायचं नाही, हा मार्टाचा नियम. कशाबद्दलच बोलायचं नाही, हा माझा.

१५ ऑगस्ट

कॉलेजात झेंडावंदन. निवृत्त झाल्यापासून पहिल्या रांगेत बसवतात, चहाही आधी देतात. नव्या प्राचार्यांनी ओळख करून दिली, ‘बाईंनी आयुष्यभर प्रोटॉनचा शोध घेतला.’ मागच्या रांगेतून कुणीतरी, ‘अजून घावला न्हाई व्हय?’ हशा. मीही हसले.

रिक्षात वाटलं, बोलला तो काही खोटं नाही. प्रोटॉनला स्पिन असते, भोवऱ्याच्या गिरकीसारखं काहीतरी. आत क्वार्क. वाटायचं, त्यांच्या गिरक्यांची बेरीज म्हणजे प्रोटॉनची गिरकी. मोजायला गेले तर क्वार्कच्या वाट्याला थोडीच निघाली. थोडी पुढं ग्लुऑनांत, म्हणजे क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या कणांत, सापडली. बाकीची कुठं आहे? शि. आणि मी त्या परदेशी लॅबच्या कँटीनमध्ये पहिल्यांदा भेटलो तेव्हा हा घोळ नवा होता. आता आमचे केस पांढरे झाले, घोळ अजून काळाभोर आहे.

‘अजून घावला न्हाई व्हय’ हे शि.ला सांगायला हवं होतं. खो खो हसला असता आणि पुढं महिनाभर तेच म्हणून मला छळलं असतं. वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘असं बोलायला नको होतं हो त्यांनी.’

२४ ऑगस्ट, रविवार

रविवार जास्त जड जातो. महिन्यातल्या एका रविवारी तो साताऱ्याहून आणि मी सांगलीहून निघून कराडला भेटायचो. किती वर्षं! घाटावर बसायचं. भेळ त्याची, चहा माझा. ऊन उतरेपर्यंत बोलणं, आणि सगळं कामाचं. कराडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन धडकतात आणि मग दोघी मिळून काटकोनात वळून जातात. शि. ते भेळेच्या कागदावर काढायचा. एक रेघ इकडून, एक तिकडून, तिसरी खाली. ‘दोन कण आले, एक गेला. मानेबाई, बोला, काय काय शिल्लक राहिलं?’ दर वेळी हाच विनोद. मी म्हणायची, ‘भेळ तर नाही राहिली.’

मार्टाचा नियम लागल्यावरही एकदा भेटलो, कामाचं सोडून बोलायचं असं ठरवून. बसलो. तो म्हणाला, यंदा सांगलीत हळदीला भाव बरा आहे म्हणे. मी म्हटलं, असेल. मग बराच वेळ नदी बघितली. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना दुसरं काहीच सांगितलेलं नव्हतं, हे तेव्हा कळलं. शेवटी त्याच्या तोंडून ‘डावीकडचे बिंदू जरा...’ एवढं त्याच्या आलेखाचं निसटलं आणि मी ताडकन उठले. म्हटलं, पेटी उघडेपर्यंत भेट नको, फोन नको, मेसेज नको, काही नको.

‘मानेबाई, तुमी लय ताठ.’ मग थोड्या वेळानं, ‘बरं. तुमचं खरं. आता माझ्याकडनं बी मोडणार न्हाई.’

समोर आमचं कायम अहो-जाहो. इथं वहीत मी त्याला अरे-तुरे करते. त्याला माहीत नाही.

१ सप्टेंबर, आष्टा

गौरीचं जेवण, दादाकडं. पुरणपोळी, कटाची आमटी. वहिनीनं तिसरी पोळी वाढली आणि मी खाल्ली. सांगलीत एकटीसाठी पुरण कोण वाटणार?

दादाचं दर वर्षीचं, ‘लय झालं गं आता. पेन्शन हाय, गप बसून खा की.’ मग त्याला पेटीचं सांगितलं. ऐकून घेतलंन.

‘म्हंजे उसाच्या ट्रॉलीगत. आदी भाईरच्या काट्यावर वजन करायचं, मग कारखान्याच्या काट्यावर. भाईरचा आकडा तितं सांगायचा न्हाई, न्हाईतर काटेवाला त्योच डोक्यात धरतो.’

मी म्हटलं, अगदी. आणि दोन्हींत फरक आला तर?

‘मग रिकामी ट्रॉली परत काट्यावर. तळाला चिकल बसलेला असतोय.’

म्हटलं, फक्त आमच्यात दुसऱ्या काट्यावरच्या माणसाशी बोलणंसुद्धा बंद आहे. तो हात थांबवून माझ्याकडं बघायला लागला. ‘का गं? काटेवाला माझ्या मेव्हण्याचा चुलतभाऊ लागतो. चा पितो की आमी संगं. आकडा तेवढा काढायचा न्हाई, बास.’

त्याला जमतं. त्याच्याकडं बोलायला म्हशी आहेत, पोरांच्या सोयरिकी आहेत, भावकी आहे. शि. आणि माझ्याकडं आकडा वगळला तर चहाच उरतो. तोही आम्हांला न बोलता पिता येत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

शि. दर दसऱ्याला पाकिटातून आपट्याचं पान पाठवतो. चिठ्ठी नाही, काही नाही, नुसतं पान. पोस्टात चुरगळलेलं यायचं. आज काही नाही. काल-परवाही खाली जाऊन डबा बघून आले.

पान म्हणजे काम नव्हे. पान पाठवायला काय झालं होतं?

मीच म्हटलं होतं, काही नको. पण म्हटलं म्हणून एवढं पाळायचं?

१४ ऑक्टोबर

गोठवलं. दुपारी चारच्या सुमारास. यापुढं एक अक्षर बदलायचं नाही. हा आकडा खरा की खोटा हे मलाही माहीत नाही, त्यात मार्टाची संख्या मिसळलेली आहे. बरोबर असेल तर न्यूट्रॉनच्या आतलं आजवरचं सगळ्यांत नेमकं मोजमाप. चूक असेल तर उतारवयातली ही सगळी वर्षं पाण्यात.

सांगायला कुणी नाही. शिरा केला. जास्त झाला. वहिनींना वाटी दिली, त्या म्हणाल्या, काय विशेष? म्हटलं, काम संपलं. ‘चला, सुटलात,’ म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

क्वार्क कधी एकटा सापडत नाही, ओढून काढायला गेलं तर सोबतीला दुसरा घेऊनच येतो, हे वाक्य मी शाळांतल्या भाषणांत इतकं वापरलंय की आता तोंडाला चव राहिली नाही. आज आठवलं आणि रडू आलं. फार एकटं वाटलं. लिहूनच टाकलं, बरं झालं.

१५ ऑक्टोबर

मार्टाची मेल. अभिनंदन. शिर्केची बाजू आधीच गोठलीय, सप्टेंबरातच. अहवाल अनघा लिहिते आहे. अनघा म्हणजे शि.ची विद्यार्थिनी, पुण्याला असते.

म्हणजे माझ्याआधी संपवलंन. आणि अहवाल लिहायला पोरीला बसवलंन. लिहायचा कंटाळा जन्माचा. आळशी मेला.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. दादा येऊन ओवाळून गेला, म्हणजे मी ओवाळलं. तो जेवून पेंगला, मग गेला. चकल्या उरल्यात. शि.ला चकली लागते, कडक झालेलीसुद्धा.

६ नोव्हेंबर, मिरज

डोळे तपासायला मिरजेला गेले होते. डोळ्यांचं झालं, मोतीबिंदू आहे पण घाई नाही. बाहेर पडताना समोरच्या मोठ्या दवाखान्याच्या पायरीवर थर्मास घेऊन ताराक्का बसलेल्या. शि.ची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून त्याच्याकडंच साताऱ्याला असतात. त्याचं लग्न नाही, त्यांना मूल नाही.

‘आवं मानेबाई, तुमी हितं?’ एवढं म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

दसऱ्याच्या तोंडावर शि.ला झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. आधी साताऱ्यात, मग इकडं. दिवाळीच्याही आधीपासून इथं आहे. माझ्या घरापासून रिक्षेच्या अंतरावर. मी घरी बसून त्याला आळशी मेला म्हणत होते.

‘मला का नाही कळवलंत?’

‘त्यानंच सांगून ठेवलं हुतं की. पेटी उगडंपातुर मानेबाईंना फोन करायचा न्हाई, काय बी झालं तरी. मी इचारलं बी, काय बी म्हंजे? तर म्हणला, काय बी.’

‘अहो पण असं झाल्यावर...’

‘झाल्यावर त्याचं बोलणंच गेलं. आता हुकूम बदलणार कोण? इचारलं तर नुसतं व्हय म्हणतोय. फोन करू? व्हय. नगं करू? व्हय.’

मी पायरीवरच बसले. ताराक्कांनी थर्मासचा चहा दिला. आत गेले नाही.  उद्या जाईन.

७ नोव्हेंबर

गेले. खिडकीकडं तोंड करून होता. वळून बघितलं, ओळखलं, तोंडाची एक बाजू हसली. दुसरी तशीच. मला वाटलं होतं मी धीरानं घेईन. नाही घेता आलं.

त्याच्याकडं एकच शब्द उरलाय. व्हय. ‘हो’लाही व्हय, ‘नाही’लाही व्हय. सगळं समजतं पण, डोळ्यांत दिसतं.

बोलणं शिकवायला एक मुलगी येते. माझ्याकडं वळून म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही रोज बोला त्यांच्याशी. त्यांच्या सगळ्यांत आवडीच्या विषयावर. शब्द तिथूनच परत येतात.’

मी आणि शि., दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्याच्या सगळ्यांत आवडीचा विषय पेटीत आहे.

१२ नोव्हेंबर

रोज जाते. बस, मग रिक्षा. सतारी करणाऱ्यांच्या दुकानांवरून रिक्षा जाते, बाहेर भोपळे वाळत घातलेले. त्याला भोपळ्यांचं सांगितलं. पुराचं सांगितलं. दादाच्या म्हशीचं. ‘अजून घावला न्हाई व्हय’ सुद्धा सांगितलं, त्याला हसला. बाकी वेळ भिंतीकडं बघत होता. त्याला कंटाळा आला की तो लपवत नाही, कधीच लपवला नाही.

ताराक्का म्हणाल्या, ‘तुमचं ते इंग्रजीतलं बोला की. त्याशिवाय न्हाई ऐकायचा त्यो.’

कसं सांगू त्यांना?

१८ नोव्हेंबर

वाट काढली. आत्ताचं काम सोडून जुनं. आमच्या लॅबच्या पहिल्या वर्षांपासून सुरुवात केली. पहिल्या हिवाळ्यात मशीन बंद पडलं आणि आम्ही दोघं डिटेक्टरच्या केबली मोजत बसलो होतो, ते. आई आजारी पडली म्हणून मी सांगलीला परतले आणि सगळे म्हणाले, संपलं हिचं, ते. शि.ही वर्षभरात परतला, साताऱ्याला कॉलेजात लागला, आणि लॅबला कळवलंन की आम्ही दोघं इथून काम करू, वेळ पडली तर येऊ-जाऊ. आमच्या दोघांच्या वतीनं कळवलंन, मला न विचारता. मी तेव्हा केवढी भांडले होते. आज त्याला म्हटलं, ते पत्र तुम्ही पाठवलं नसतं तर मी नुसती बी.एस्सी.च्या वह्या तपासत म्हातारी झाले असते. हे आधी कधी म्हटलं नव्हतं.

मग पाठ्यपुस्तकातलं. न्यूट्रॉन मोकळा धरून ठेवता येत नाही, पाव तासात फुटतो, म्हणून प्रोटॉनच्या जोडीत बांधलेला वापरायचा आणि मागाहून प्रोटॉनचा भाग वजा करायचा. मुद्दाम एक चूक केली. त्यानं डावा हात वर केला, थांब. ‘व्हय व्हय व्हय!’ चिडून. ताराक्का धावत आल्या. आम्ही दोघं हसत होतो.

इतका चांगला दिवस वर्षात गेला नव्हता.

२५ नोव्हेंबर

काय लिहू?

दुपारी ताराक्का जेवायला गेल्या होत्या. तो बराच वेळ अस्वस्थ. मग माझं मनगट धरलंन, पांघरूण सारखं केलंन आणि डाव्या हाताच्या बोटानं त्यावर काढायला लागला. डावीकडून एक रेघ आली. हळू, नीट, ग्राफ काढतो तशी. माझ्या लक्षात आलं, हा मला त्याचा निकाल दाखवतोय. शब्द नाहीत म्हणून काढून दाखवतोय. डावीकडचे बिंदू.

मी डोळे मिटून घेतले.

त्यानं माझा हात हलवला. ‘व्हय. व्हय.’ मी मिटलेलेच ठेवले. म्हटलं, शिर्के, नको, थोडे दिवस राहिलेत. बोटाचा आवाज येत होता पांघरुणावर. मग थांबला. डोळे उघडले तर तोंड भिंतीकडं. रडत होता की काय, कळलं नाही. निघेपर्यंत वळला नाही.

मी केलं ते बरोबर केलं. गटातल्या कुणीही हेच म्हटलं असतं.

मग असं का वाटतंय?

२६ नोव्हेंबर

गेले नाही. मार्टाला मेल केली की मी शि.ला भेटते आहे, कामाबद्दल एक शब्द झालेला नाही, आणि पेटी लवकर उघडता आली तर बरं. तिचं उत्तर, अनघाचा अहवाल समितीनं वाचल्याशिवाय नाही, जानेवारी उजाडेल. खाली, ‘तू त्याची एवढी जुनी मैत्रीण. मला वाटलं, तुला पहिल्याच दिवशी कळलं असेल.’

२७ नोव्हेंबर

गेले. माझ्याकडं बघितलंन, पण मनगट धरलं नाही. मी जुनं जुनं बोलत राहिले. चुकीचं सांगितलं तरी हात वर केला नाही.

१० डिसेंबर

शि.ला साताऱ्याला घरी नेलं. काठी धरून खोलीतल्या खोलीत चालतो. गाडीत बसताना ताराक्का म्हणाल्या, ‘येत जावा.’ तो काहीच म्हणाला नाही, व्हयसुद्धा नाही.

रोज दुपारी मिरजेची बस धरायची सवय लागली होती. आज दुपारी चपला घालून दारापर्यंत गेले आणि आठवलं.

२८ डिसेंबर, रविवार

आष्ट्याहून वहिनीनं गूळ पाठवला, नव्या उसाचा. खडा तोंडात टाकून खिडकीत बसले. खालून उसाच्या ट्रॉल्या जातात, एकीमागे एक, गाणी लावून. बोलायला माणूस हवा, असं आयुष्यात पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. कुठलाही माणूस नव्हे. तोच.

आकडे जुळले तर काय होईल, याचा विचार येतो. जुळले की झालं. निबंध छापून येईल, आमची नावं कुठंतरी मध्ये, गटातल्या एवढ्या लोकांत. मग? नवं काम कुणी देणार नाही आम्हांला या वयात. कराडला जायचं तर कशासाठी, हळदीचा भाव बोलायला? आधीच एकदा बघितलंय ते करून. आणि त्याचे शब्द तर गेलेत.

माझी सगळी हुशारी न्यूट्रॉनच्या आत बघण्यात गेली.

१५ जानेवारी

तारीख आली. पुढच्या गुरुवारी, आपल्याकडची संध्याकाळ. मार्टा म्हणते, तू घरूनच कॉलवर ये, शिर्केच्या जागी अनघा बसेल. मी कळवलं, शिर्केच्या जागी शिर्के बसेल. मी साताऱ्याला जाते आहे, एका कॅमेऱ्यापुढं दोघं बसू.

ताराक्कांना फोन केला. ‘या की,’ म्हणाल्या. मागं त्याचा आवाज आला का, कळलं नाही.

२२ जानेवारी, सातारा

एस.टी. कराडला थांबली. सगळे चहाला उतरले, मी उतरले नाही.

शि. खिडकीपाशी पलंगावर, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट. ताराक्कांनी घातला असणार, पण बटण वरपर्यंत लावून घेण्याचा हट्ट त्याचाच. मी लॅपटॉप उशीवर टेकवला. अनघा पुण्याहून एका चौकोनात, मार्टा दुसऱ्यात, मागं सगळा गट. मार्टानं त्याला नावानं हाक मारली. ‘व्हय,’ म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग पेटी उघडली.

माझे बिंदू लाल, त्याचे निळे. उजवीकडं एकावर एक, बोट ठेवायला फट नाही. मधे ठीक. डावीकडं फाकत गेलेले. चुकून फाकतील एवढे नाही. सरळ सरळ वेगळे.

 मार्टा म्हणाली, सॉरी. तुम्हां दोघांना पुन्हा बसायला लागेल, एकत्र, फरक सापडेपर्यंत. किती महिने लागतील सांगता येत नाही. निबंध थांबवावा लागेल. नंतर चौकोन विझले.

ताराक्का, ‘पास का नापास?’

‘दोघांतलं एक चुकलंय ताराक्का. कदाचित दोघंही.’

‘आन ते शोधायचं कुणी?’

‘आम्हीच. दोघांनी बसून.’

‘म्हंजे आता बोलायला चालतंय?’

‘आता बोलायलाच पाहिजे.’

एवढ्या वर्षांचं काम न जुळता समोर पडलेलं आणि मला इतकं हलकं वाटत होतं की लाज वाटली. शि.कडं बघितलं. अर्ध्या तोंडानं हसत होता. म्हटलं, आधी रिकाम्या टार्गेटची मोजमापं काढू, काहीच न ठेवता घेतलेली. दादा म्हणतो तळाला चिखल बसलेला असतो. ‘व्हय!’ हे खरं व्हय होतं, आता मला ओळखू येतं.

मग म्हटलं, शिर्के, मिरजेत तुम्ही मला दाखवत होता. तेव्हा बघता आलं नाही. आता बघते. काढा.

लॅपटॉप त्याच्या पुढ्यात सरकवला, त्याचे निळे बिंदू मोठे करून. त्यानं तो डाव्या हातानं बाजूला केला. चादर सारखी केली. माझं मनगट धरलंन, तसंच. एक रेघ डावीकडून आली. दुसरी उजवीकडून. दोन्ही एकमेकींवर येऊन थांबल्या. मग तिथून तिसरी, खाली, माझ्या गुडघ्यापर्यंत.

त्यात निकाल नव्हता. कधीच नव्हता. कराड होतं.

मी डोळे मिटून पेटी सांभाळत बसले होते आणि तो मला म्हणत होता, चला.

 मग विचारलं, रविवारी? ताराक्का दारातून म्हणाल्या, ‘डॉक्टर गाडीत बसू देतील का, न्हाई काय म्हाईत. आन घाटाच्या त्या पायऱ्या? त्यो उतरंल का?’

मलाही माहीत नाही. त्याला तर नाहीच. पण तो पलंगावरून पाय खाली सोडून, आमच्या दोघींकडं न बघता, पलंगाखाली चपला चाचपत होता.